पिशवीत काय आहे ते आधी सांगा

या पानासाठी येणाऱ्या पत्रांत निम्मी पत्रं एकाच सुरातली असतात: 'काकू, सोपी, झटपट, सगळ्यांना आवडेल अशी एखादी भाजी सांगा ना.' आता यावर मी काय सांगू? बाजारातून काय आणलंय ते लिहीत नाहीत, पानं किती मांडायची ते लिहीत नाहीत, आणि निवडायला-चिरायला कोण बसणार याचा तर पत्ताच नसतो. जळगावात माझं पोळी-भाजी केंद्र होतं तेव्हा सकाळी भाजीवाली पाटी उतरवायची आणि मग फळ्यावर त्या दिवसाची भाजी लिहिली जायची. उलटं कधी केलं नाही. आधी बेत ठरवून त्याच्यामागे बाजारभर धावणाऱ्याला भाजी महाग मिळते, आणि बहुतेकदा शिळी. या वेळच्या पत्रांत मात्र थंडीचा बाजार उतरलाय आणि लिहिणाऱ्यांनी पिशवी उघडून दाखवलीय. म्हणून उत्तरंही जरा लांबली आहेत.

काकू, मी मूळचा यावलचा, नोकरीला पुण्यात. ऑफिसातल्या मित्रांना 'खानदेशी भरीत खाऊ घालतो' असं बोलून बसलोय. बारा जण आहोत. गच्ची आहे, शेत नाही, तुरीच्या काड्या नाहीत. मंडईत जांभळी वांगी दिसतात. जमेल का? आईला विचारलं तर ती म्हणते, त्यांना घेऊन गावी ये. — एक वाचक, पुणे

आईचं म्हणणं खरं आहे, पण बारा जणांच्या रजा एकाच दिवशी मंजूर व्हायच्या नाहीत. तेव्हा गच्चीवरच कर.

वांग्यापासून सुरुवात करू. आपल्याकडचं भरताचं वांगं हिरवट पांढरं, मोठं, बिया कमी आणि गर लोण्यासारखा. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. थंडीत पुण्यात आपली खानदेशी माणसं ही वांगी विकायला आणतात. जरा चौकशी कर, कुणी ना कुणी गाववाला सापडेलच. नाही सापडला तर मोठं जांभळं घे. मात्र प्रत्येक वांगं हातात तोलून घे. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर ठेवून घे, जड लागलं तर परत कर, आत बियाच असतात. देठ हिरवा हवा, साल ताणलेली हवी. बारा जणांना साडेतीन किलो लागतील. भाजून, सोलून निम्म्याच्या आसपास उरतं, आणि भरीत हे काही तोंडीलावणं नव्हे, त्या दिवशी तेच जेवण.

आता जाळ. गावाकडे कपाशी आणि तूर निघाली की पऱ्हाट्या आणि तुरीच्या काड्या फुकट असतात. वांगी मांडायची, वरून काड्या रचायच्या आणि पेटवून द्यायच्या. तुला वखारीतून लाकडी कोळसा आणावा लागेल. जुनं लोखंडी घमेलं घे, निखारे फुलू दे, मग वांगी ठेव. आधी चाकूने दोन-तीन ठिकाणी टोच, नाहीतर वांगं फुटतं आणि गरम गर अंगावर उडतो. चिमट्याने फिरवत राहा. देठाजवळचा भाग शेवटी शिजतो, तिथे चाकू लोण्यात गेल्यासारखा शिरला म्हणजे झालं. सोसायटीच्या सेक्रेटरींना आदल्या दिवशी सांग आणि त्यांचंही पान मांड. धुराची निम्मी तक्रार तिथेच मिटते.

सोलताना नळाखाली धरू नकोस. धुराचा वास हाच सगळा खटाटोप, तो पाण्याबरोबर मोरीत जातो. बोटं ओली करायची आणि साल ओढायची. एखादा काळा कण राहिला तर राहू दे. सोललेला गर लाकडी भांड्यात लाकडी मुसळीने ठेचायचा. मिक्सरमध्ये घातलास तर त्याची खळ होते, तिला भरीत म्हणू नकोस.

हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर जराशा तेलात परतून खलबत्त्यात ठेचून घे. मोठ्या कढईत तेल सढळ हाताने, जिरं, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप; दाणे तांबूस झाले की मिरचीचा ठेचा, मग कांद्याची पात, मग वांगं, मीठ आणि वरून कोथिंबीर. पात भरपूर हवी, साडेतीन किलोला पाच-सहा जुड्या. हळद, लाल तिखट, गरम मसाला, टोमॅटो या मंडळींना त्या दिवशी सुट्टी दे.

सोबत कळण्याची भाकरी. चार भाग ज्वारी, एक भाग सालीसकट अख्खे उडीद, दळतानाच मीठ. 'गावी ये' म्हणणारी आई पीठ पाठवायला नाही म्हणणार नाही, फोन करून बघ. भाकरी थापणारं कुणी नसेल तर पुऱ्या तळा. भरीत-पुरी आपल्याकडेही चालतेच.

आणखी एक. मित्रांना जेवायच्या वेळेला बोलावू नकोस, दीड तास आधी बोलाव. दोघं निखाऱ्यापाशी, चौघं सोलायला, दोघं पात निवडायला, एक मिरच्या ठेचायला. सगळं एकट्याने करून वाढलंस तर वाढता वाढताच तुझं भरीत गार होईल. आणि मित्रांपैकी कुणाच्या घरी चातुर्मासात वांगं-कांदा खात नसतील तर तारीख चंपाषष्ठीनंतरची धर. त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की ती घरंही मोकळी होतात.

आमच्या घरी पोळ्या बायको करते आणि भाकऱ्या मी, अशी वाटणी आहे. पण माझी ज्वारीची भाकरी थापतानाच कडेने चिरते आणि तव्यावर टाकताना तुटते. पीठ पाकिटाचं आणतो. चुकतंय कुठे? — एक वाचक, डोंबिवली

भाऊ, वाटणी आवडली. तुमच्या हातात काही खोट नाही, पाकिटात आहे. ते पीठ दळून किती दिवस झाले असतील ते बघा. जुन्या पिठाची विरी, म्हणजे धरून ठेवायची ताकद, जाते, आणि विरी गेलेल्या पिठाची भाकरी माझ्या आजेसासूलाही थापता आली नसती. गव्हाच्या पिठात ताणून धरणारा चिकटपणा असतो, ज्वारीत तो नाही. तिथे सगळी मदार ताज्या पिठावर, गरम पाण्यावर आणि मळण्यावर.

म्हणून ज्वारी आणा, पीठ नको. सोलापूरकडची मालदांडी मिळाली तर उत्तम. आमच्याकडे दादर ज्वारी वापरतात, तिची भाकरी गोडसर लागते. आठ दिवसांपुरतं दळून आणायचं, जास्त नाही. गिरणीवाल्याला 'बारीक' असं बजावून सांगा, आणि तुमच्या आधी त्याने काय दळलंय तेही विचारा. मिरची दळली असेल तर दुसऱ्या दिवशी जा.

एका भाकरीचं पीठ परातीत घ्या. पाणी चांगलं गरम, बोट जेमतेम सोसेल इतकं. थोडं थोडं घालत तळहाताच्या टाचेने रगडा, ढकला, परत ओढा. बरेच जण गोळा झाला की थांबतात. तिथून पुढे दोन-तीन मिनिटं मळायचं असतं. गोळा बोटाने दाबून बघा. कडा चिरली तर पाण्याचा हात लावून परत मळा. एका वेळी एकाच भाकरीचं मळायचं, चार गोळे करून ठेवले तर चौथा वाळतो.

थापताना खाली कोरडं पीठ पसरा आणि बोटांनी कडेकडेने थापत भाकरी फिरवत न्या. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. लगेच तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा, सगळीकडे सारखा. ते पाणी पूर्ण वाळायच्या आत उलटायची. उशीर झाला की त्या अंगाला भेगा पडतात आणि मग ती फुगत नाही, वाफ भेगांतून निघून जाते. दुसरी बाजू नीट भाजू द्या, तांबूस ठिपके दिसू देत, आणि मग भाकरी थेट जाळावर. तवा लोखंडी घ्या. नॉनस्टिकवर भाकरी करणाऱ्यांची पत्रं मी बाजूला ठेवते.

पाकिटाचं उरलेलं पीठ फेकू नका. उकळत्या पाण्यात मीठ घालून त्याची उकड काढा, झाकून पाच मिनिटं ठेवा आणि मळून त्याच्या भाकऱ्या करा, साधतात.

ताई, मी एक्काहत्तर वर्षांचा. पत्नी गेल्यापासून दोन्ही वेळचा डबा लावला आहे. डबा चांगला आहे, तक्रार नाही. पण एक वेळचं तरी स्वतः करून खावं असं वाटतं. चहापलीकडे काही येत नाही. पुस्तकांत 'चवीनुसार मीठ', 'अंदाजे पाणी' असं असतं, ते मला कसं कळावं? मी बँकेत होतो. शक्य तर आकड्यांत सांगावे. — एक वाचक, चिपळूण

दादा, आकड्यांतच सांगते. 'अंदाजे' हा शब्द ज्यांना आधीच येतं त्यांच्यासाठी असतो.

आधी घरातली आमटीची एक वाटी आणि एक चहाचा चमचा निवडा आणि बाजूला काढून ठेवा. आजपासून तीच तुमची मापं, बदलायची नाहीत. मग डबे उघडा. वहिनींनी डब्यांवर नावं लिहिली नसणार. ज्या बाईला सगळे डबे पाठ असतात ती नावं लिहीत नाही. तुम्ही लिहा, चिठ्ठ्या चिकटवा. दोन पांढरी पिठं सापडली तर बोटावर घेऊन चाखा. पिठाला जाळी धरली असेल तर ते टाकून द्या, जीव अडकवू नका. मिसळणाच्या डब्यात हळद भरपूर सापडेल, मोहरी तळाला गेलेली असेल. तेवढी घेऊन या.

दोन पदार्थ देते. हे जमेपर्यंत तिसरा विचारू नका.

पहिला, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी. तांदूळ अर्धी वाटी, मुगाची डाळ पाव वाटी, दोन्ही एकत्र दोनदा धुऊन. पाणी तीन वाट्या. मीठ सपाट पाऊण चमचा, हळद पाव चमचा. सगळं लहान कुकरमध्ये एकत्र, मध्यम आचेवर तीन शिट्ट्या. गॅस बंद करून झाकण आपोआप सैल होईपर्यंत हात लावायचा नाही, वर्तमानपत्र वाचा. वाढून घेतल्यावर वर तूप. पहिल्या दिवशी फोडणीच्या भानगडीत पडू नका.

दुसरा, कुळथाची पिठी. चिपळुणात राहून कुळथाचं पीठ मिळत नाही असं व्हायचं नाही. तीन जेवणाचे चमचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका. लसणाच्या चार पाकळ्या ठेचा, एक हिरवी मिरची मोडून घ्या. कढईत दोन चमचे तेल. तापलं की नाही हे बघायला मोहरीचा एक दाणा टाका. तडतडला तर बाकीची पाव चमचा मोहरी टाका, गप्प राहिला तर थांबा. मोहरी तडतडली की आच बारीक, हिंग चिमूटभर, लसूण, मिरची. लसणाची कड तांबूस दिसली की हळद आणि लगेच दीड वाटी पाणी. इथे मागे सरकून उभे राहा, उडतं. पाणी उकळलं की कालवलेलं पीठ एका हाताने ओता आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. सपाट अर्धा चमचा मीठ, दोन आमसुलं. बारीक आचेवर सहा मिनिटं उकळू द्या. घट्ट वाटली तर गरम पाणी घाला, गार नको. भातावर घेऊन खा.

मिठाचं म्हणाल, तर लिहिलंय तितकं घालून एकदा जेवा आणि वहीत नोंद करा: कमी, बरोबर, जास्त. पुढच्या वेळी पाव चमचा इकडे-तिकडे. बँकेतल्या माणसाला हे अवघड नाही.

बाजार रोजचा पाव किलोचा करा. एकट्या माणसाने कोबीचा गड्डा आणला की आठवडाभर कोबी आणि कोबीचा कंटाळा. आपल्या भाजीवाल्या मावशी लाल माठाची अर्धी जुडी देतात, नाही दिली तर शेजाऱ्यांशी निम्मी-निम्मी करा. संध्याकाळचा डबा चालू राहू द्या. सगळा भार एकदम अंगावर घेतला की महिन्याभरात कढई माळ्यावर जाते. आणि तीन महिन्यांनी पत्र लिहा, तेव्हा भाजणीच्या थालीपिठाचं सांगेन.

मी अलिबागची, लग्न होऊन धुळ्यात आले. माझ्या प्रत्येक भाजीत ओला नारळ असतो. सासूबाई म्हणतात भाजी गुळमट होते. त्यांच्या रश्श्यात भाजलेलं सुकं खोबरं आणि काळा मसाला, माझ्या पोटाला तो झेपत नाही. नवरा दोन्हीकडे 'छान झालंय' म्हणतो. काय करू? — एक वाचक, धुळे

नवऱ्याला काही विचारू नकोस, त्याचं उत्तर आयुष्यभर तेच राहणार.

अगं, तुझ्या माहेरी परसात नारळ पडतो, म्हणून ओलं खोबरं. धुळ्यात नारळ येतो तो लांबचा प्रवास करून, त्यामुळे इथे टिकणारी सुकी वाटी, शेंगदाणा आणि तीळ. दोघींच्या हातात आपापल्या मातीचं आहे. चूक कुणाचीच नाही, पण एकाच कढईत दोन्ही घालून तडजोड करू नका. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात ओला नारळ घातला की ना तो तुमचा रस्सा राहत, ना त्यांचा.

दिवस वाटून घ्या. त्यांच्या दिवशी शेवभाजी त्यांच्या पद्धतीची, तू तर्री बाजूला सारून खालचा रस्सा घे आणि भाकरी कुस्करून खा. तिखट भाकरीत मुरतं, नुसतं ओरपलं की लागतं. तुझ्या दिवशी बिरडं कर. माहेराहून कडवे वाल आण, भिजव, फडक्यात बांधून मोड आण, आणि सोलायची परात घेऊन सासूबाईंच्या शेजारी बस. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले की साल सुटते, तरी किलोभराला तासभर जातोच. त्या एका तासात तुला सगळं सासर कळेल आणि त्यांना अलिबाग. नारळ निम्मा घाल, गूळ नखभर, आमसूल जरा जास्त. 'गुळमट' हा शब्द त्या दिवशी ऐकू येणार नाही. आला तर मला कळव.

आम्ही तिघी मैत्रिणी जर्मनीत शिकतो. रविवारी एकत्र स्वयंपाक करतो. इंडियन दुकान लांब आणि महाग, तिथे मिळतात ते राजमा आणि फ्रोजन भेंडी. इथल्या साध्या दुकानातल्या वस्तूंतून आपलं मराठी काही करता येईल का? — तीन वाचक, जर्मनी

पोरींनो, तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात शेपू आहे, तुम्हाला दिसत नाही इतकंच. माझी भाची तिकडेच असते, तिच्याकडून कळलं. ती लोकं त्याला डिल म्हणतात आणि काकडीवर किंवा माशांवर चिमूटभर शिवरतात, म्हणून जुडी एवढीशी असते. चार-पाच जुड्या घ्या, दुकानदार बघत राहील. मुगाची डाळ अर्धा तास भिजवा. मूग नसेल तर तिकडे सगळीकडे मिळते ती लाल मसूर चालेल, फक्त ती लवकर गळते, नजर ठेवा. तेलात भरपूर लसूण, सुकी मिरची, डाळ, दोन वाफा, मग चिरलेला शेपू आणि मीठ.

कोलराबी म्हणजे आपला नवलकोल. त्याच्या बारीक फोडी करून हरभऱ्याच्या डाळीबरोबर भाजी करा, पाला फेकू नका; कोवळा असेल तर चिरून त्याच भाजीत घाला.

क्वार्क नावाचं दही-चक्क्याच्या मधलं काहीतरी मिळतं. डब्यावर ४० टक्के लिहिलेलं घ्या, बिनसायीचं नको. स्वच्छ पातळ फडक्यात रात्रभर टांगा, सकाळी साखर घालून फेटा, वेलदोडा असेल तर घाला. श्रीखंड झालं. पाडव्याची वाट बघायची गरज नाही.

आणि वसंतात, एप्रिलपासून जूनपर्यंत, बाजारात लाल देठांचा ऱ्हुबार्ब येतो. तिकडे त्याचे केक करतात. तो आपल्या आंबट चुक्याच्या कुळातला. दोन देठ चिरून तुरीच्या किंवा मसूर डाळीत शिजवा, शेंगदाणे, गूळ, लसणाची फोडणी: चुक्याच्या पातळभाजीच्या अगदी जवळ जाते. पण नीट लक्षात ठेवा, देठच खायचे. पानं विषारी असतात, पानासकट मिळाला तर पानं आधी तोडून टाका.

आईने पाठवलेल्या पार्सलात मेतकूट आणि गोडा मसाला एवढं मागवा. कडधान्यांनी वजन भरू नका, ती तिथे मिळतात.

आमचं गाव लातूरजवळ. येळवस म्हणजे शेतात भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. मुंबईत रजा मिळणार नाही. शेजारच्या चार कुटुंबांना घरीच भज्जी खाऊ घालावी असं मनात आहे. — एक वाचक, कांदिवली

जरूर घाला. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, लातूर-धाराशिवकडची गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. एकदा मी तिकडच्या मैत्रिणीच्या शेतात जेवले आहे, कडब्याच्या कोपीत पूजा आणि नंतर ओळखीचा-अनोळखी असा भेद न करता वाढणं. ती गर्दी फ्लॅटमध्ये यायची नाही. भज्जी येईल.

थंडीत दादरच्या बाजारात ओल्या तुरीच्या शेंगा, पावटा, सोलाणे, मटार सगळं असतं. सोललेले दाणे पाकिटात घेऊ नका, शेंगा घ्या. आदल्या संध्याकाळी चारही घरांतली पोरं तुमच्या हॉलमध्ये चादर पसरून सोलायला बसवा. निम्मे दाणे तोंडात जातील, म्हणून किलोभर जास्त आणा. वीस माणसांना सगळे मिळून अडीच किलो सोललेले दाणे लागतील, शिवाय ओले शेंगदाणे आणि मेथीच्या दोन जुड्या.

दाणे मीठ घालून शिजवा, गाळ होऊ देऊ नका. चिंचेच्या कोळात बेसन कालवा. तेलात जिरं, हिरवी मिरची आणि लसणाचं भरड वाटण, हळद, मेथी, मग दाणे, मग बेसनाचा कोळ, आणि सतत ढवळणं. बेसन बुडाला बसतं, तेव्हा ढवळणारा माणूस नेमून टाका आणि त्याला दुसरं काम देऊ नका. भज्जी वाढताना पळीतून सावकाश पडली पाहिजे. थोड्या वेळाने ती आणखी आळते, म्हणून जरा सैल उतरवा.

आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ आदल्या रात्री ताकात भिजवून ठेवा, सकाळी पाण्यात शिजवा, पूर्ण गार झाल्यावर ताक, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. मातीच्या माठात ठेवलीत तर फ्रिज लागणार नाही. उंडे करायला वेळ नसेल तर बाजरीच्या भाकरीवर भागवा, शेजाऱ्यांपैकी कुणी हिशेब मागणार नाही.

थोडक्यात

नाशिकच्या वाचक: मुलगा मेथी खात नसेल तर त्याला जुडी निवडायला द्या, आणि देठं किती ठेवायची तेही त्यालाच ठरवू द्या. नऊ वर्षांचा आहे, स्वतः निवडलेली भाजी तो निदान चाखेल तरी. भाजी नाहीच गेली तर बाजरीच्या पिठात मेथी, तीळ, लसूण घालून छोट्या पुऱ्या.

अहिल्यानगरचे वाचक: हुरड्याची कणसं शहरात आणून दोन दिवस ठेवलीत तर दाणा टणक होतो, आणली त्याच दिवशी भाजा. आगटी नसेल तर दाणे सोलून लोखंडी तव्यावर तुपाच्या थेंबावर परता. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही.

अमरावतीच्या वाचक: भोगीच्या भाजीत बटाटा घातला तर चालतो का, असं विचारलंय. चालतो. पण वांगी, गाजर, पावटा, सोलाणे, बोरं आणि उसाचे करवे हे सगळं त्याच दिवशी बाजारात समोर असताना बटाट्याला का बोलवायचं? तिळाचं कूट मात्र विसरू नका आणि बाजरीच्या भाकरीवरचे तीळही.